पडद्याचा एक हूक

दुपारची झोप हा माझ्या हक्काचा विषय आहे. रविवारची तर आहेच आहे. वरणभात जरा जास्त झाला होता, पंखा चारवर होता, पडदे ओढलेले होते, म्हणजे सगळी तयारी जय्यत होती. मी दिवाणावर आडवा झालो आणि डोळे मिटणार तेवढ्यात छतावरून एक रिक्षा गेली.

रिक्षा म्हणजे अगदी मीटरसकट नव्हे. काळपट-पिवळा डाग, कडा विरघळलेल्या. पण खाली रस्त्यावर आवाज उजवीकडे गेला आणि वर डाग डावीकडे, तेव्हा खात्री पटली. मागोमाग पांढरं काहीतरी गेलं, बहुधा टेम्पो. मग एक छत्री, किंवा छत्रीसारखं कोणीतरी. हॉलच्या पडद्याचा वरचा एक हूक निसटलाय (तीन आठवडे झाले, असं मला रोज सांगितलं जातं). तिथल्या बोटभर फटीतून आमच्या छतावर फुकटचा सिनेमा सुरू होता.

हे पाहिलं नाही असा माणूस विरळा. लहानपणी गोवर किंवा कांजिण्या येऊन दारं-खिडक्या लोटलेल्या खोलीत जो पडलाय त्याने तर पाहिलंच आहे. फक्त ते कुणाला सांगायची गोष्ट वाटत नाही. हंपीला मात्र हेच बघायला लोक रांग लावतात. विरूपाक्षाच्या देवळात मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर समोरचं नऊ मजली गोपुर उलटं उमटतं, कळस खाली आणि पाया वर. सगळे त्याला सावली म्हणतात. सावली कसली, चित्र आहे ते! वरून येणारा किरण भोकातून खाली जातो, खालून येणारा वर जातो, एवढाच काय तो चमत्कार. मी तिथे हे शेजारच्या गृहस्थांना समजावायला गेलो. ते म्हणाले, “हो का,” आणि फोटो काढायला वळले.

चारच्या सुमारास ऊन खिडकीत उतरलं, सिनेमा संपला आणि फ्रिजच्या दारावर एक कवडसा येऊन बसला. गोल. आता फट होती वेडीवाकडी, एका बाजूला निमुळती. कवडसा मात्र बऱ्यापैकी गोल.

कवडसा हा शब्द मला फार आवडतो आणि लोकांनी त्याचं जे केलंय ते अजिबात आवडत नाही. ‘आशेचा कवडसा’ म्हटलं की मी पान उलटतो. तिरीप वेगळी, झोत वेगळा, कवडसा वेगळा. कवडसा जमिनीवर किंवा भिंतीवर पडावा लागतो, त्याला कडा असते, आणि मुख्य म्हणजे तो एका जागी थांबत नाही. आशेचा म्हणून ज्यांना तो हवा असतो त्यांनी त्याच्याशेजारी कधी दोन मिनिटं बसून पाहिलेलं नसावं.

मी बसलोय. सावंतवाडीजवळच्या आमच्या घरावर नळ्याची कौलं होती आणि त्या कौलांवर वानरांचा कायम राबता. दरवर्षी पावसाआधी शाकारणी, म्हणजे कौलं नीट करून बसवणं, व्हायची आणि दरवर्षी वानर ती महिन्याभरात निकालात काढायचे. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी माजघरात सगळे लवंडले की सारवलेल्या जमिनीवर कवडश्यांचा सडा पडलेला असायचा. मी चुलीतला कोळसा घेऊन एखाद्या कवडश्याभोवती रेघ ओढायचो. काळजीपूर्वक, जीभ बाहेर काढून. रेघ पुरी होऊन सुरुवातीला मिळेपर्यंत कवडसा एका अंगाने बाहेर सांडलेला असे. पुन्हा रेघ. पुन्हा सांडला. शेवटी जमिनीवर एकात एक अडकलेल्या काळ्या कड्यांची साखळी तयार होई आणि पाठीत धपाटा बसे, कारण सारवण कालचंच असे.

सूर्य आकाशात स्वतःच्या रुंदीइतका सरकायला दोन मिनिटांहून जरासाच जास्त वेळ घेतो, हे फार नंतर कळलं. म्हणजे कवडसाही तेवढ्याच वेळात आपली जागा पूर्ण सोडून शेजारच्या जागेवर जातो. मी कोळशाने पृथ्वीचं फिरणं मोजत होतो. धपाटा मारणाऱ्या आईला हे सांगायला हवं होतं.

चुलीचा धूर माजघरात आला की कवडश्यापासून कौलापर्यंतचा तिरका खांब दिसायला लागे आणि त्यात धुळीचे कण वरखाली नाचायचे. आपल्या जुन्या संस्कृत ग्रंथकारांनीही हेच दुपारचं बघितलेलं दिसतं. जाळीतून आलेल्या उन्हात जो बारीक रज दिसतो तो त्रसरेणू, आणि मापांची सुरुवात त्याच्यापासून, असं त्यांनी ठरवून टाकलं. डोळ्याला दिसू शकेल असं सगळ्यात लहान काय, याचं उत्तर शोधायला त्यांना झरोक्यापलीकडे जावं लागलं नाही. वैशेषिक मताच्या तत्त्वज्ञांनी तर त्या कणात सहा परमाणू आहेत इथपर्यंत हिशेब नेला. हिशेब चुकला, पण बसायची जागा बरोबर होती.

तर गोल का? कौलाला तडा गेलेला असायचा, टवका उडालेला असायचा, दोन कौलांमध्ये तिकोनी सांध राहिलेली असायची. गोल भोक म्हणाल तर एकही नाही. खाली मात्र सगळे बंद्या रुपयासारखे गोल. हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, हे मान्य करतो. ॲरिस्टॉटलच्या नावावर जो प्रश्नांचा संग्रह आहे त्यात तो विचारलेला आहे: चौकोनी भोकांतून ऊन गोल का पडतं? नीट उत्तर मिळायला पुढे कितीतरी शतकं गेली. केप्लर या खगोलशास्त्रज्ञाने ते १६०४ साली छापलं, आणि ज्या तऱ्हेने त्याने ते शोधलं त्यावरून तो मला आमच्या माजघरातलाच एक वाटतो. त्याने उंचावर एक पुस्तक टांगलं. पुस्तक म्हणजे सूर्य. खाली वेड्यावाकड्या कोपऱ्यांचं एक भोक. मग पुस्तकाच्या एका कोपऱ्यापासून दोरा घेतला, भोकाच्या कडेला टेकवत जमिनीपर्यंत ताणला आणि कडेकडेने फिरवत खडूने गिरवत गेला. जमिनीवर भोकाचा आकार उमटला. मग दुसरा कोपरा, तिसरा, चौथा, मग पुस्तकाच्या कडा. प्रत्येक वेळी भोकाचाच आकार, पण थोडा बाजूला सरकलेला. सगळे एकमेकांवर चढले तेव्हा जमिनीवर भोक राहिलंच नाही, पुस्तक उमटलं होतं.

एवढा मोठा माणूस, जमिनीवर खडूने रेघा ओढत बसलेला. त्याला कोणी धपाटा घातल्याची नोंद नाही.

म्हणजे कवडसा हा भोकाचा नसतोच, सूर्याचा असतो. प्रत्येक कवडसा म्हणजे अख्ख्या सूर्याचं एक चित्र. आंब्याखाली, चिंचेखाली जे उन्हाचे ठिपके हलतात तेही. मोजायचं असेल तर तेही सोपं आहे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, त्याचं अंतर सुमारे १५ कोटी, म्हणजे व्यासाच्या साधारण १०८ पट. तेच प्रमाण घरात उतरतं. भोक अकरा फुटांवर असेल आणि ऊन सरळ येत असेल तर कवडसा तीनेक सेंटिमीटरचा. आमच्या बाजूला मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, तेव्हाचे कवडसे अस्सल गोल. एरवी ऊन तिरकं, त्यामुळे जरा लांबुडके. (१०८ हा आकडा वाचून ज्यांचा हात जपमाळेकडे किंवा फॉरवर्डच्या बटणाकडे गेला असेल त्यांनी तो मागे घ्यावा. चंद्राच्या बाबतीत हेच प्रमाण ११० च्या आसपास आहे आणि त्याला आपण कुठल्याच माळेत ओवलेलं नाही.)

चंद्राचं आणि सूर्याचं हे प्रमाण इतकं जवळ आल्यामुळेच तो त्याला झाकू शकतो. आणि इथे मला १६ फेब्रुवारी १९८० ची दुपार आठवते. मी सात वर्षांचा. सिंधुदुर्ग जिल्हा अजून झालेला नव्हता, आम्ही रत्नागिरीचेच. खाली कारवारला खग्रास होतं, आमच्याकडे थोडक्यात हुकलेलं. आजीने जेवणं आटपून घेतली, लोणच्या-पापडांवर तुळशीची पानं पडली, आणि पडवीपासून मागीलदारापर्यंत सगळी दारं-खिडक्या बंद. मी दाराच्या फटीला डोळा लावायला गेलो तर आजी ओरडली, “खंय चललंस? गप बस हंयसर. भायर गिराण लागलाहा.”

भायर लागलेलं गिराण आत कधी आलं ते कोणाला कळलं नाही. साडेतीनच्या पुढे उजेड विचित्र झाला, कोंबड्या खुराड्याकडे निघाल्याचा आवाज आला, आणि काकीने जमिनीकडे बोट दाखवलं. कवडसे होते, पण गोल नव्हते. चतुर्थीच्या चंद्रासारख्या कोरी, नखाएवढ्या बारीक होत चाललेल्या, सगळ्या एकाच बाजूला तोंड करून, माजघरभर. ग्रहण बघायचं नाही म्हणून आम्ही खोलीत अंधार केला होता, आणि ते बघायला अंधाऱ्या खोलीहून चांगली जागा नाही.

आजी क्षणभर गप्प झाली. मग उठली आणि कोपऱ्यातली रोवळी आणून तिने जवळच्या कोरीवर पालथी घातली. कोर रोवळीवर चढून बसली. तिने सूप आणलं. सुपावरही तेच. माझा चुलतभाऊ हसला, काका हसले, मग काकी पदराआड. आजी हसली नाही. ती सूप हातात घेऊन उभी राहिली आणि कोरी मोजायला लागली. बोट दाखवत, पुटपुटत, ओटीच्या दारापासून देवघरापर्यंत. सतरा भरल्या. मग वर कौलांकडे बघून म्हणाली, “येवडी भोकां? औंदा शाकारणी बेगीन करूक व्हयी.”

पुढे १५ जानेवारी २०१० ला भर दुपारी ग्रहण आलं. नेमकी किंक्रांत, त्यात अमावास्या, घरात बोलायची सोय नव्हती. मी स्वयंपाकघरातली पुरणाची चाळणी घेऊन गच्चीत गेलो आणि मुलीला सिमेंटवर एकदम शेकड्याने कोरी दाखवल्या. तिने त्यांच्यावर उड्या मारल्या. चाळणी धुवूनच घरात आली, हे सांगायला नको.

गावच्या घरावर आता स्लॅब आहे. गळत नाही, वानर काही करू शकत नाहीत, दुपारी आत छान थंडगार ट्यूबलाइट लावून बसता येतं. काकांना मी एकदा त्या सतरा कोरींचं विचारलं. त्यांना ग्रहण आठवत नव्हतं, शाकारणीचा खर्च आठवत होता.

आता २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे दुपार कलताना खंडग्रास आहे. ऑगस्टातलं आभाळ, त्यामुळे दिसेलच असं नाही. त्यात दिव्याची अवस, म्हणजे इकडे घरोघरी दिवे घासून लावलेले आणि वरचा जरासा मंदावलेला. सोमवार आहे, रजा टाकावी लागेल. आमची खिडकी पश्चिमेची, फट तयार आहे, फ्रिजही जागच्या जागी आहे.

तोवर हूक आणायचा नाही, असं मी ठरवलंय. घरात अजून सांगितलेलं नाही.