दोन वचनांचं स्तोत्र

आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या बरोबर वर बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातलं वचन फ्रेम करून टांगलंय: मी आणि माझं घराणं परमेश्वराची सेवा करणार. लग्नात आहेर आलेलं. चौदा वर्षं त्या वचनाखाली बसून आमच्या घराण्याने क्रिकेट आणि मालिका पाहिल्या.

नगरला आजोबांच्या घरी असं चालायचं नाही. रात्रीची भांडी घासून झाली की सतरंजी पडायची. आधी ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातलं एखादं गीत, बहुतेक वेळा ना. वा. टिळकांचं. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती भक्तीत रुजवलं, त्यामुळे आमच्याकडे पेटीच्या जोडीला टाळ असायचे. मग शास्त्रपाठ, म्हणजे बायबलचं वाचन. मग सगळे गुडघ्यांवर, आणि आजोबांची प्रार्थना सुरू. तिच्यात आजारी माणसं यायची, पोस्टमन यायचा, गाभण म्हैस यायची, मुंबईला गेलेला आणि पत्र न पाठवणारा काका तर रोजच यायचा. मी वेताच्या खुर्चीत डोकं टेकवून झोपून जायचे. ‘आमेन’ला जाग यायची तेव्हा खुर्चीची जाळी कपाळावर उमटलेली असायची.

गेल्या पावसाळ्यात मलाच हुक्की आली, आपणही सुरू करू. मारे मत्तयच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली. पहिल्या अध्यायाची पहिली सतरा वचनं म्हणजे नुसती वंशावळ. अम्मीनादाब, नहशोन करत करत थोरला यहोशाफाटाशी अडखळला, धाकटी हसत सुटली, आणि हे म्हणाले, “अगं, उद्या करू या का?” ते उद्या तीन आठवडे आलंच नाही.

मग एकदा वीज गेली. टीव्ही बंद, वाय-फाय बंद, मोबाइलची बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय. मेणबत्तीच्या उजेडात मी स्तोत्रसंहिता उघडली आणि मुद्दाम ११७वं स्तोत्र काढलं. दीडशे स्तोत्रांत सगळ्यात छोटं, दोनच वचनं. वाचून झालं तर थोरला म्हणाला, “एवढंच?” ही तक्रार होती की आनंद, मला अजून कळलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वीज असूनही तोच पुस्तक घेऊन आला.

आता आमची वेळ म्हणजे कुकर लावल्यापासून तिसऱ्या शिट्टीपर्यंत. उपासनेला शिट्टीचं माप लावलेलं आजोबांना खपलं नसतं. पण जेवणानंतर ठेवून पाहिलं, तर जो तो आपापल्या खोलीत पसार. भुकेलं माणूस निदान स्वयंपाकघराच्या आसपास तरी असतं.

११८ झालं आणि पुढे ११९ उभं. वचनं १७६! मी हळूच १२० काढत होते, तर थोरल्याने पकडलं. त्यानेच शोधून काढलं की त्याचे हिब्रू अक्षरांप्रमाणे आठ-आठ वचनांचे बावीस तुकडे आहेत. बावीस दिवस, हिशेब संपला. आलेफ, बेथ, गिमेल ही नावं धाकटीला इतकी आवडली, की सोसायटीतल्या मांजरीचं नाव सध्या गिमेल आहे. काल वॉचमनकाकांचा गुडघा आणि गणिताची चाचणी यांच्या मध्ये, डोळे घट्ट मिटून, तिने गिमेलसाठीही प्रार्थना केली. गिमेल म्हणे गाभण आहे.