एका पायात चप्पल

दिवाळीच्या आधीची गोष्ट. सीटी रूमच्या दारात एक काका आले, बासष्ट-त्रेसष्टचे, मुलगा सोबत, त्याच्या हातात फाइल आणि एक्सरेची ती मोठी पिशवी, आणि काकांच्या एकाच पायात चप्पल. "काका, दुसरी कुठाय?" म्हटलं तर ते खाली बघायला लागले. चप्पल निसटलीय हे त्यांना बघितल्यावर कळलं, पायाला कळलंच नव्हतं. लिफ्टपाशी पडली होती, मुलगा घेऊन आला.

सांगलीकडे सीटी टेक्निशियन म्हणून काम करते मी, अकरा वर्षं झाली. शुगरवाल्या पेशंटचा पाय हे आमच्याकडं नेहमीचं. काकांचा उजवा अंगठा काळा पडला होता, खाली तळव्याला भोवरी होती ती त्यांनी घरीच ब्लेडनं तासली होती, दुखत नव्हतं म्हणून तासत गेले. मुलगा म्हणाला, "मॅडम, एकदा सीटी काढा, म्हणजे सगळं कळेल." हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. आता त्याला कसं सांगू की सगळं नाही कळत?

आपल्याकडं एक गंमत आहे, रक्त वाहतं तीपण नस आणि स्पर्श कळतो तीपण नस. शुगरनं दोन्ही बिघडतात. सीटीत दिसते ती रक्ताची. स्पर्शाची नस मेलीय का जिवंत आहे ते एवढ्या महागाच्या मशीनला कळत नाही, त्याला लागतो दहा ग्रॅमइतका दाब देणारा नायलॉनचा दोरा, तळपायाला टेकवायचा आणि डोळे मिटून विचारायचं, लागतंय का. काकांना तो दोरा आमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा लावला होता. पंधरा वर्षं शुगर!

तर काकांची होती सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी, पोटापासून पायाच्या बोटापर्यंत. आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी बघायची, कारण कॉन्ट्रास्ट, म्हणजे वाहिन्या उजळवणारं औषध, किडनीवाटे बाहेर पडतं आणि शुगरवाल्यांची किडनी आधीच दमलेली असते. १.३ होतं, डॉक्टर म्हणाले चालेल. (किडनी फारच कमी चालत असेल तर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी ४८ तास थांबवतात आणि किडनी परत तपासून मग चालू करतात, पण ते डॉक्टरांनी सांगायचं, आपल्या मनानं नाही.) हातात कॅन्युला (शिरेतली बारीक नळी), साधारण शंभर एमएल औषध, मशीननं जोरात सोडायचं. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवते की अंग गरम होईल आणि लघवी झाल्यासारखं वाटेल पण झालेली नसते, घाबरायचं नाही. काका टेबलवर आडवे झाले, मशीनच्या गोल भोकाकडं बघून म्हणाले, "ह्यात जायाचं व्हय गं पोरी? निघंल न्हवं परत?"

आता खरी कसरत. पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीत औषध पोचलं की स्कॅन सुटतो आणि टेबल सरकत पायाकडं जातं. पण ज्याच्या वाहिन्या तुंबल्यात त्याचं रक्त हळू चालतं, आणि मशीन पुढं निघून जातं, औषध मागं गुडघ्यात राहतं. मग पावलात काहीच दिसत नाही आणि वाटतं सगळं बंद आहे. म्हणून लगेच गुडघ्याखाली दुसरी फेरी मारायची. काकांच्या पहिल्या फेरीत पाऊल कोरं होतं. दुसरीत पोटरीतल्या तीन वाहिन्यांपैकी मधली, पेरोनियल म्हणतात ती, घोट्यापर्यंत बारीक उजळली. शुगरमध्ये बऱ्याचदा हीच शेवटपर्यंत तग धरते.

त्यात आणखी एक भानगड म्हणजे कॅल्शियम. या पेशंटांच्या वाहिन्यांच्या भिंतीला चुना बसलेला असतो, आणि सीटीत चुनापण पांढरा, औषधपण पांढरं. हाडं पुसायचं सॉफ्टवेअर लावलं तर ते वाहिनीच हाड समजून पुसून टाकतं, मग रंगीत थ्रीडी चित्र छान पण खोटं. नातेवाइकांना तेच चित्र आवडतं. आमचे रेडिओलॉजिस्ट त्याकडं बघतपण नाहीत, एकेक काप बघत बसतात. याच चुन्यामुळं घोट्याला मोजलेलं बीपीपण उगाच जास्त येतं आणि पेशंटला सांगितलं जातं की रक्तपुरवठा झकास आहे.

हाडापर्यंत पू गेलाय का, हे सुरुवातीला एमआरआयमध्येच नीट कळतं, साध्या एक्सरेत दिसायला दोन-तीन आठवडे जातात. पण सीटीचा एक प्रसंग मी विसरणार नाही. एक आजी, थंडीत गरम पाण्याच्या पिशवीनं टाच भाजलेली, तेपण सकाळी चादरीला डाग दिसला तेव्हा कळलं. आठ दिवसांनी पाय सुजून आल्या. स्क्रीनवर मांसात काळे ठिपके, घोट्याच्या वरपर्यंत. काळं म्हणजे हवा. मांसात हवा म्हणजे आत सडतंय आणि पसरतंय. मी टेबलवरून आजींना उतरवायच्या आधी डॉक्टरांना हाक मारली, रिपोर्ट टाइप व्हायच्या आत आजी ऑपरेशनला गेल्या.

आणि शार्कोचा पाय. पाऊल लाल, गरम, सुजलेलं, आतली हाडं मोडून सरकलेली, तळवा होडीसारखा फुगलेला, आणि पेशंट चालत येतो! फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली असले सांधे वर्णन केले ते दुसऱ्या आजारातले, शुगरशी नातं १९३६ साली जोडलं गेलं. सीटीत हाडांचा चुरा मोजता येतो, पण सुरुवातीचे दिवस असतील तर तिथंही एमआरआयच पुढं.

काकांची अँजिओप्लास्टी झाली, त्या एका वाहिनीच्या जोरावर. अंगठा गेला, पाऊल राहिलं. संक्रांतीनंतर ते फॉलोअपला आले तेव्हा मुद्दाम आमच्या दारात थांबले. पायात एमसीआरची, म्हणजे शुगरवाल्यांसाठीच्या मऊ रबराची काळी चप्पल, मागं पट्टा, वर वेलक्रो. म्हणाले, "बघ पोरी, आता निसटत न्हाई. पर लई वंगाळ दिसतीया, लग्नाला कसं घालायची?"

मी म्हटलं, घाला काका, नवरदेव तुम्ही नाही.