सोळा तासांची शांतता

कान तपासायच्या आधी त्याला सोळा तास शांतता मिळालेली असावी, हा आमच्या कामातला साधा दंडक. गोंगाटातून उठून आलेल्या माणसाचा कान काही काळ बधिर असतो आणि त्या अवस्थेत काढलेला आलेख खोटं बोलतो. कारखान्यातल्या कामगारांच्या चाचण्या मी नेहमी सुट्टीनंतरच्या सकाळी घेते, त्या यासाठीच. वाद्यवृंदात गेले त्या दिवशी मात्र हा दंडक दुपारपर्यंतही टिकला नाही.

एका सिम्फनी वाद्यवृंदाने वादकांच्या श्रवणचाचणीसाठी मला बोलावलं होतं. तालमीत आवाज किती होतो, तेही मोजायचं होतं. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी बसवणं चाललं होतं. सकाळी तीन तास तालीम, संध्याकाळी कार्यक्रम. तालमीआधी मी वेगवेगळ्या ओळींतल्या आठ जणांच्या खांद्यांवर डोसीमीटर अडकवले. काडेपेटीएवढं आवाज मोजणारं यंत्र, त्याचा माइक कानाजवळ. बाकीच्यांना एक प्रश्नावली वाटली.

ती भरून परत आली तेव्हा मी खुर्चीत सावरून बसले. मान, खांदा, मनगट, पाठ या चौकटींत खुणाच खुणा. एका सेलोवादिकेने तर समासात बाण काढून ‘आणि कंबरही’ असं लिहिलं होतं. ‘कानात शिट्टी किंवा गुणगुण ऐकू येते का?’ या प्रश्नापुढे मात्र सगळ्यांचं ‘नाही’. जवळजवळ सत्तर माणसं, त्यातली कित्येक वीस-वीस वर्षं वाजवणारी, आणि एकाच्याही कानात शिट्टी नाही? इतके निरोगी कान मी ग्रंथपालांचेसुद्धा पाहिलेले नाहीत.

ही सिम्फनी हॉर्न आणि बसून या फुंकवाद्यांच्या ललकारीने उघडते आणि बाकीची पितळी वाद्यं लगेच त्यात उतरतात. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची जरा मोठी बहीण. तिची शेवटची ओळ ट्रॉम्बोन या पितळी वाद्याच्या थेट पुढ्यात होती. ट्रॉम्बोनचं तोंड आणि पुढे बसलेल्याचं डोकं, दोन्ही एकाच उंचीवर. मी बाजूच्या भिंतीला टेकून उभी होते, तरी कानठळ्या बसल्या.

मग तिसरा भाग आला. यात तंतुवाद्यांचे सगळे वादक गज खाली ठेवून नुसत्या बोटांनी तारा छेडतात. कंडक्टरने तो मध्येच थांबवला आणि तेवढ्यात प्रत्येकाने आपापल्या तारा हळूच तपासून घेतल्या. व्हायोलाच्या शेवटच्या ओळीतले एक गृहस्थ तार छेडायचे आणि मान अवघडून उजवा कान तिच्याकडे न्यायचे. व्हायोला डाव्या हनुवटीखाली असते, डावा कान तिच्यापासून वीतभरही लांब नसतो. तो सोडून कोणी लांबचा कान तारेकडे नेत असेल, तर माझ्यासारखीला पुढचं सांगावं लागत नाही.

मधल्या सुट्टीत मी वाद्यं ठेवायच्या खोलीत माझं सामान मांडत होते. ते आले, दार लावून घेतलं आणि उभ्यानेच म्हणाले, “डॉक्टर, रिपोर्ट ऑफिसात जातो का?”

“तुमचा रिपोर्ट तुमच्या हातात. ऑफिसला फक्त एकत्रित आकडे.”

“मग माझे कान बघा.”

मी म्हटलं, आत्ता नको, उद्या या. आजचा कार्यक्रम नऊला संपेल, मधली रात्र शांत जाऊ द्या, दुपारी एकला बघू. ते हसले. उद्या सकाळी त्यांची दुसऱ्या गावी दुसऱ्या वाद्यवृंदाबरोबर तालीम होती. ते इथले कायम वादक नव्हते. गरज पडली की बोलावतात आणि तालमीगणिक पैसे देतात, त्यांपैकी एक. “सलग सोळा तास शांतता?” ते म्हणाले. “गेल्या दोन महिन्यांत मिळाली नाही. आणि मिळाली, तर त्याचा अर्थ काम नाही असा होतो.”

तेव्हा दंडक बाजूला ठेवून मी हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला. आलेखावर ‘तालमीनंतर लगेच, पुन्हा तपासणी आवश्यक’ असं मात्र ठळक लिहिलं. उजवा कान बरा होता. डाव्यात चार हजार हर्ट्झपाशी रेघ खड्ड्यात पडावी तशी खाली गेली आणि पुढे परत वर आली. गोंगाटाने दुखावलेल्या कानाची ही खूण आहे, थकव्याची सूट दिली तरी ओळखू येणारी. व्हायोलिन-व्हायोलावाल्यांचा डावा कान तसाही जास्त सोसतो. मागून येणारा ट्रॉम्बोन ही त्यावरची भर.

मग मी एकच स्वर आलटूनपालटून दोन्ही कानांत सोडला. यंत्र तेच, स्वर तोच. “डावीकडे चढा लागतोय,” ते लगेच म्हणाले, आणि थांबून, “तीस सेंट. पस्तीस असतील.” अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले की एक सेंट होतो. कोणताही रुग्ण मला असं मोजून सांगत नाही. मी यंत्रावर फरक जुळवत गेले, तर उत्तर तेहतीसला आलं. दोन कानांना एकच स्वर वेगवेगळ्या उंचीवर ऐकू येणं हा प्रकार इतरांच्या लक्षातही येत नाही. यांच्यासाठी तो दर तालमीतला प्रश्न होता की खरं कुठल्या कानाचं मानायचं. दीड वर्षापूर्वी त्यांनी उजव्याच्या बाजूने कौल दिला होता.

“आणि शिट्टी?” मी विचारलं.

त्यांनी जरा वेळ घेतला. “स्मेताना या चेक संगीतकाराचं क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांची रचना, ऐकलंय? १८७६चं, ‘माझ्या जीवनातून’ नावाचं. सुरुवातच व्हायोलाची आहे, त्यामुळे आम्हा सगळ्यांचं लाडकं.” स्मेताना १८७४ मध्ये ठार बहिरा झाला. त्याआधी त्याच्या कानात जो उंच स्वर वाजू लागला होता, तो त्याने या क्वार्टेटच्या शेवटच्या भागात घातला आहे. सगळं नाचत-बागडत चाललेलं असताना एकदम थांबतं, खालची वाद्यं थरथरत राहतात आणि वर पहिल्या व्हायोलिनवर तो एकच लांबलचक ‘ई’. “ती खालची थरथर मी कितीदा वाजवली असेन,” ते म्हणाले. “माझा ‘ई’ नाही, त्याच्याही वरचा आहे. संगीत चालू असलं की ऐकू येत नाही. म्हणून मी काम सोडत नाही, असं बायको म्हणते.”

इअरप्लग त्यांच्या खिशात होते. कानाच्या साच्याचे, सगळ्या पट्ट्या सारख्याच पंधरा डेसिबलने कमी करणारे, म्हणजे चांगल्यातले. पण ते घातले की हनुवटीच्या हाडातून स्वतःचीच व्हायोला डोक्यात घुमते आणि शेजाऱ्याचा स्वर हरवतो. ओबोवाल्यांचे हाल तर याहून वाईट, त्यांचं वाद्यच तोंडात. मी वर्षानुवर्षं लोकांना ‘प्लग घाला’ असं बजावत आले आहे. त्या खोलीत ते वाक्य माझ्या तोंडून नीट निघेना.

लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमधला खटला त्यांनीच काढला. २०१२ मध्ये तिथे वाग्नरच्या ‘वाल्क्यूरे’ या ऑपेराच्या तालमीत पितळी वाद्यांच्या पुढ्यात बसलेल्या एका व्हायोलावादकाच्या कानांना कायमची इजा झाली. २०१८ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि २०१९ मध्ये अपिलातही तो टिकला. “जिंकला,” ते म्हणाले, “पण वाजवणं केव्हाच सुटलं होतं. माझ्या ओळखीच्या प्रत्येक वादकाला हा खटला पाठ आहे आणि प्रत्येकाने त्यातून एकच धडा घेतलाय, की बोलायचं नाही.”

दुपारी डोसीमीटर उतरवले. व्हायोलाच्या शेवटच्या ओळीची तीन तासांची सरासरी नव्वद डेसिबल. दिवसाला आठ तास पंच्याऐंशी ही सर्वसाधारण मर्यादा, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. त्या हिशेबाने नव्वदला जेमतेम अडीच तास मिळतात. म्हणजे दिवसाचा शिधा सकाळीच संपला होता आणि संध्याकाळचा कार्यक्रम अजून व्हायचा होता. युरोपीय संघाचा २००३चा गोंगाटाचा नियम संगीताला लागू व्हायला २००८ उजाडलं, यात मला आता नवल वाटत नाही. कारखान्यात यंत्राला आवरण घालता येतं. इथे आवाज हाच माल.

व्यवस्थापक बाई समजूतदार होत्या. मी एकेक उपाय सुचवत गेले आणि त्या प्रत्येकापुढे खर्च मांडत गेल्या. पितळी वाद्यांना उंच चौथरा द्यायचा, तर रंगमंच पुढे वाढवावा लागतो आणि प्रेक्षकांच्या दोन रांगा जातात. मध्ये पारदर्शक पडदे लावले, तर आवाज उलटून वाजवणाऱ्यांवरच आदळतो. ट्रॉम्बोनवाल्यांनी ते गेल्या वर्षीच काढायला लावले होते. तालमी वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात, तर सभागृहाचं भाडं वाढतं. आळीपाळीने जागा बदलायच्या, तर राखीव वादक हवेत. “ही सिम्फनी १८७८ मध्ये पहिल्यांदा वाजली,” त्या म्हणाल्या. “तेव्हा जितकी माणसं आणि जितका वेळ लागला, तितकाच आजही लागतो. पगार मात्र आजचे.” बॉमोल आणि बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं, हे मला नंतर वाचनात आलं. बाईंनी ते वाचलं नसावं, त्यांच्या जमाखर्चाच्या वहीत ते दर महिन्याला दिसत होतं.

संध्याकाळी मी मागे बसून कार्यक्रम ऐकला. ओबोने ‘ए’ दिला, सगळे जुळवू लागले आणि शेवटच्या ओळीत एक मान अवघडून वळली. शेवटच्या भागात झांजा कडाडल्या तेव्हा माझाच हात खिशातल्या प्लगकडे गेला. प्रेक्षक उभे राहिले होते.

एकत्रित आकड्यांत मी एक आलेख कमी धरला. सोळा तासांची अट पाळलेली नव्हती, म्हणून तो बाद. कागदावर हे अगदी नियमाला धरून होतं.

तीन आठवड्यांनी त्यांचा मेल आला. पुढच्या कामात त्यांना दुसऱ्या ओळीत, कडेला, पितळी वाद्यांपासून दूर जागा मिळाली होती. प्लगही आता फक्त डाव्या कानात घालतात, ती माझी सूचना कामी आली होती. जागा कशी बदलून घेतलीत, असं मी विचारलं. उलट उत्तर आलं, “पाठ दुखते म्हणून सांगितलं. कडेला पाय लांब करता येतो ना. लगेच दिली.”