पाच मंगळवार

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सिन्नरला एका आर्थिक साक्षरता केंद्रात समुपदेशक म्हणून बसायचो. बहुतेक लोक सही कुठे करायची एवढंच विचारून जायचे. एके दिवशी एक जोडपं आलं. तो एमआयडीसीत ऑपरेटर, हातात १९,५०० रुपये. तिचे डब्यांचे ७,००० रुपये. पतसंस्थेचा हप्ता ४,२००, पाटल्यांवरच्या १,१०,००० रुपयांच्या सोनेतारणाचं व्याज ११०० आणि क्रेडिट कार्डची थकबाकी ६२,०००.

"कार्डाचे दर महिन्याला ३,१०० न चुकता भरतो साहेब," तो म्हणाला. किमान रक्कम भरणाऱ्या माणसाच्या आवाजात नेहमी असा थोडा अभिमान असतो. स्टेटमेंट उलटवून मी त्याला दाखवलं: महिन्याला साडेतीन टक्के व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे २,५६० रुपये तिथेच गेले. मुद्दलात पडले जेमतेम ५४०.

पण मग थकबाकी निदान तेवढी तरी उतरायला हवी होती. ती वाढत होती.

"घरखर्च कुठे लिहिता?" मी विचारलं. बाईंनी पिशवीतून कॅलेंडर काढलं. दुधाचे आकडे, सिलेंडरची तारीख आणि प्रत्येक मंगळवारभोवती गोल. गटाच्या कर्जाची वसुली, आठवड्याला १,१५०.

मी स्टेटमेंट कॅलेंडरशेजारी ठेवलं. कार्डावर किराणा काही ठराविक महिन्यांतच झाला होता. मार्च. जून. सप्टेंबर. त्या पानांवर गोल मोजले, तर पाच.

"पाचव्या मंगळवारी यांच्याकडे मागायला नको वाटायचं," त्या हळूच म्हणाल्या. "किराण्याचे पैसे हप्त्याला द्यायचे नि सामान कार्डावर आणायचं." आणि कार्डाची बाकी पूर्ण फेडलेली नसली की नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

चार मंगळवारांच्या महिन्यात ५७५ रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे ठरलं. तेवढ्यात वर्षाचे चारही जादा हप्ते निघतात.

दुसरा उपाय सांगताना मात्र माझी जीभ अडखळली. सोन्यावर वाढीव कर्ज घ्या, असं मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. पण साडेतीन टक्क्यांचं कर्ज एक टक्क्याच्या कर्जाने फेडायचं, यात वाद कसला? सोन्याचा भाव वाढला होता. त्याच पाटल्यांवर ६२,००० आणखी मिळत होते. अट एकच, कार्ड बंद करायचं. नुसतं कात्रीने कापून नाही, लेखी अर्ज देऊन. तो अर्ज त्याने माझ्यासमोर लिहिला.

बाई हातातल्या काचेच्या बांगड्या मागे सारत होत्या. "मग पाटल्या या दिवाळीला सुटतील?"

मी पुन्हा हिशेब मांडला. गटाचं कर्ज आठ महिन्यांत फिटणार होतं. त्यानंतर तोही हप्ता इकडे वळवला, तरी...

"दोन दिवाळ्या जातील, ताई."

त्यांनी कॅलेंडरची गुंडाळी केली नि पिशवीत ठेवली.