करिष्ये

श्रावण, रविवार रात्र.

जिन्यात अजून तुपात भाजलेल्या रव्याचा वास आहे. श्रावणातल्या रविवारी एकेका इमारतीत दोन-दोन सत्यनारायण असतात, आणि प्रत्येकासोबत नास्तिकाच्या वाट्याला तेच वाक्य येतं: "तू मानत नाहीस ना? मग नुसतं बसायला काय जातंय तुझं?"

देव आहे की नाही यावर वाद घालायची पाळी घरात क्वचितच येते. पाहुणे सातला येणार असतात, वेळ कुणाला असतो? येतं ते हे वाक्य. आणि ते भलतंच चिवट आहे, कारण ते नास्तिकाच्याच तर्कावर उभं आहे. पाटावर बसणं निरर्थक असेल, तर न बसण्याचा हट्ट तरी कशाला?

याचं उत्तर पूजेतच सापडतं, संकल्पात. गुरुजी यजमानाच्या उजव्या तळहातावर पळीभर पाणी घालतात. मग ठावठिकाणा सांगितला जातो: भरतखंड, दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग तिथी, नक्षत्र, यजमानाचं नाव आणि गोत्र. (गोत्र माहीत नसेल तर काश्यप. या बाबतीत व्यवस्था उदार आहे.) शेवटी 'करिष्ये' म्हणून पाणी ताम्हनात सोडायचं. 'करिष्ये' म्हणजे 'मी करीन', प्रथमपुरुषी एकवचन आणि तेही आत्मनेपदी. दुसऱ्यासाठी करायचं तर 'करिष्यामि'. 'करिष्ये' म्हणजे फळ माझ्यासाठी. काय जातंय, तर हे जातं. बाकी सगळं ऐकणं, बघणं, खाणं आहे. हा एक शब्द मात्र आपल्या तोंडून, आपल्या नावानिशी वदवून घेतला जातो.

रेघ इथे ओढली की बरंच सोपं होतं. फुलं आणणं, चौरंगाला केळीचे खांब बांधणं, पंगतीला वाढणं ही घरातली कामं आहेत, ती खुशाल करावीत. आरतीला मागे उभं राहिल्याने काही बिघडत नाही. यजमान म्हणून पाटावर बसायचं नाही, एवढंच. पण हे आठवडाभर आधी सांगायचं, म्हणजे भाऊ-भावजय किंवा काका-काकू यांना बसवता येतं. पूजेच्या सकाळी सांगितलं तर तो नकार देवाला नसतो, आईला असतो, आणि मग वर्षभर त्याचीच उजळणी होते.

प्रसाद नाकारू नये असं माझं मत आहे. रवा, साखर, तूप सव्वाच्या मापाने, दूध आणि केळं. त्यात संकल्प नाही. शिवाय कथेचा पाचवा अध्याय लक्षात घ्यायला हवा. गवळ्यांनी दिलेला प्रसाद तुंगध्वज राजा टाकून जातो आणि मुलं, धनधान्य सगळं गमावतो. त्याआधी कलावती प्रसाद न घेता धावत सुटते, तर नवऱ्याची नाव बुडते. ज्या बाईने ही कथा चाळीस वर्षं ऐकली तिच्यासमोर वाटी परत केली, तर तिला अपमान वाटत नाही, भीती वाटते. आपल्या तत्त्वाची किंमत तिच्या झोपेने का मोजायची?

हे सगळं पुरुषाला स्वस्तात जमतं, हेही लिहून ठेवायला हवं. मुलगा पूजेला बसला नाही तर "तो पहिल्यापासून तसलाच". सून बसली नाही तर "आईने काही शिकवलं नाही". वटपौर्णिमा, मंगळागौर, हळदीकुंकू, नैवेद्याचा स्वयंपाक आणि पाळीचे चार दिवस मोजणं यातलं काहीच नास्तिक नवऱ्याच्या अंगावर येत नाही. त्यामुळे नास्तिक जोडप्यात नियम एकच असावा: ज्याचे आईवडील, त्याने फोन करायचा. नवऱ्याचा नकार बायकोच्या तोंडून गेला की तो तिचा होऊन बसतो.

वर्गणीचं थोडक्यात. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली. ती बघायला मागता येते. मात्र परवानगी बघायला मागणाऱ्याची गाडी गल्लीतच उभी असते, हे ध्यानात ठेवून मागावी. शाळेसाठी संविधानाचं कलम २८(३) आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत सामील करता येत नाही. मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्यावा, पोच घ्यावी. मुलाला वर्गाबाहेर एकटं उभं करणार नाहीत ना, एवढं मात्र विचारून घ्यावं. शिक्षा तिथेच होते.

दुसरं 'करिष्ये' अर्जांमध्ये असतं. धर्माचा रकाना. डॉ. रणजित मोहिते यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितलं की धर्म जाहीर करायची सक्ती सरकार करू शकत नाही, 'कोणताही धर्म नाही' असं म्हणायचा हक्क नागरिकाला आहे. गंमत म्हणजे याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. ते येशूला मानत होते, फक्त ख्रिश्चन धर्म मानत नव्हते. पण रकाना रिकामा सोडण्याआधी एक पाहावं. अनुसूचित जातीचा दाखला १९५०च्या आदेशानुसार हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. तिथे 'निधर्मी' लिहिणं म्हणजे मुलांच्या जातपडताळणीत अडचण ओढवून घेणं. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. रकाना कोरा ठेवायची चैन सगळ्यांना सारखी परवडत नाही. सवर्ण नास्तिकांनी इतरांना भित्रं म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावं.

लग्नाच्या बाबतीत 'नोंदणी विवाह' आणि 'विवाह नोंदणी' यांत घोटाळा होतो. मंगल कार्यालयात विधिवत लग्न लावून नंतर दाखला घेणं ही विवाह नोंदणी. विधीच नको असेल तर १९५४चा विशेष विवाह कायदा, तो नोंदणी विवाह. दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस वास्तव्य हवं. नोटीस दिली की ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. फसतं ते इथे: घरचे आधी हॉल ठरवतात आणि नोटीस नंतर दिली जाते. किंवा आधार आणि शाळेच्या दाखल्यावरची नावं जुळत नाहीत, ती दुरुस्त करण्यात महिना जातो.

जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने पहिलं लग्न २५ डिसेंबर १८७३ला लावलं, भटजीशिवाय. जोतीराव नास्तिक नव्हते, निर्मिक म्हणजे सृष्टीचा निर्माता मानत होते. तरीही ओतूरला भटजी न बोलावता लग्न लावणाऱ्यांवर गावच्या जोश्यांनी, म्हणजे भटजींनी, दावा लावला: बोलावलं नाही तरी दक्षिणा आमचीच. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. 'काय जातंय तुझं'चं हे जुनं रूप, फक्त त्यात आकडा होता.

उरलं मरण. इथे 'करिष्ये' म्हणणारा दुसराच असतो, आपण बोलू शकत नसतो. सावरकरांनी मृत्युपत्रात विद्युतदाहिनी सांगून पिंड-श्राद्ध नाकारलं होतं. मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचं १९७७ साली मुंबईत त्यांच्या इच्छेप्रमाणे धार्मिक विधींविना दहन झालं. दोघांच्या विचारांत जमीन-अस्मानाचं अंतर, पण दोघांनीही इच्छा आधीच लिहून ठेवली होती.

देहदानाचा अर्ज वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो. त्यावर साक्षीदार म्हणून जवळच्या नातलगांच्याच सह्या घ्याव्यात, आणि त्यातही जो सर्वांत जास्त विरोध करील त्याची आधी. कारण देह नेऊन द्यायचा असतो तो त्यांनीच. त्यांनी नाही म्हटलं तर अर्ज असून उपयोग नाही. शवविच्छेदन झालेला देह घेत नाहीत. एचआयव्ही, हिपॅटायटिस, क्षय असेल तरी नाही. म्हणून दुसरा पर्यायही लिहून ठेवावा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला लागतो. नेत्रदान सहा तासांच्या आत: पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी, पंखा बंद. त्या घाईत कुणीतरी गंगाजल शोधत असतंच. त्याला ते शोधू द्यावं.

अर्जाची एक प्रत फ्रिजच्या दारावर आणि एक शेजाऱ्यांकडे ठेवावी. बँकेच्या लॉकरमध्ये नको. लॉकर उघडतात तो तेराव्यानंतर.