काचेतला बुरूज, काचेपलीकडचं देऊळ

चित्रकलेच्या इंटरमिजिएट ग्रेड परीक्षेच्या मुलांना पर्स्पेक्टिव्ह, म्हणजे सपाट कागदावर जवळ-लांब दाखवणं, शिकवायचं म्हणजे फळ्यावर क्षितिजरेषा, व्हॅनिशिंग पॉइंट (समांतर रेषा लांब जाऊन मिळताना दिसतात तो बिंदू) आणि रेल्वेचे रूळ. यंदा त्याऐवजी मी पडद्यावर ‘द डी ट्रेन’ लावलं. १९३२ साली जन्मलेले अमेरिकन वास्तववादी चित्रकार रिचर्ड एस्टेस यांचं हे १९८८ मधलं तैलचित्र. एका बाजूला न्यूयॉर्कच्या लोकलचा डबा आतून, दुसऱ्या बाजूला नदी, ब्रुकलिन पूल आणि मॅनहॅटनच्या इमारती.

“फोटो हाय की हा,” पोरं म्हणाली. मग एका मुलीनं विचारलं, “मॅडम, हा माणूस उभा कुठंय? डबा बघायचा तर समोर बघावं लागंल, नदी बघायची तर मान वळवावी लागंल.”

तासभर शिकवून जे पोचलं नसतं, ते तिनं एका वाक्यात पकडलं होतं. एस्टेस स्वतः अनेक फोटो काढतात, त्यांतून हवं ते घेऊन एक दृश्य रचतात आणि जवळचं-लांबचं सगळं सारख्याच स्पष्टतेनं रंगवतात. म्हणून आपण फसतो, आणि फसताना बरंही वाटतं.

मग सगळ्यांना घेऊन सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावावर गेले. व्हॅनच्या खिडकीतून पाण्यातलं देऊळ दिसत होतं आणि त्याच काचेत मागच्या भुईकोट किल्ल्याचा बुरूज उमटला होता. काचेवर बोटाचा एक डाग. मोबाईलचा फोकस डागावर आणला की बुरूज पुसट, बुरुजावर नेला की डाग विरघळायचा. दोन्ही एकदम येईनात. प्रतिबिंब काचेवर नसतंच; वस्तू काचेपुढं जितकी लांब, तितकंच ते काचेमागं असतं. पुस्तकातलं हे वाक्य पोरांनी त्या डागावर तपासून घेतलं, आळीपाळीनं, भांडून.

त्या मुलीनं मात्र वहीत डाग, बुरूज, देऊळ तिन्ही ठळक काढलं. तिच्या घरी चादरींचे माग आहेत. म्हणाली, “आपल्या चादरीसारखं झालंय, मॅडम. दोन्ही बाजू खऱ्या.”

रेघेत ताकद होती. जवळ बसून बघत राहिले.

“कळस बुरुजामागं जातोय. जरा डावीकडं सरकवू?”

“सरकव,” मी म्हटलं, “पण मग पाण्यातलं त्याचं प्रतिबिंबही सरकव.”

तिनं खोडरबर मागितलं.