सुरुवात हुकलेली मुलं

एम.ए.च्या वर्गाला सूड हा विषय शिकवत होते. एडगर ॲलन पोची १८४६ सालची ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ ही कथा आदल्या आठवड्यात वाचून झाली होती. त्या दिवशी श्रीराम राघवनचा ‘बदलापूर’ (२०१५) दाखवायचा होता. निम्मी मुलं आधीच्या परीक्षेत अडकलेली. मला धीर नव्हता, मी सिनेमा लावून टाकला. ती आत आली तोवर पहिला प्रसंग उरकला होता: बँकेवरचा दरोडा, पळताना बळकावलेली गाडी आणि गाडीत एक आई नि तिचा लहान मुलगा.

‘सुरुवात चुकवू नका’ अशीच या सिनेमाची जाहिरात होती, हे मला नंतर आठवलं.

सिनेमा संपला आणि वर्ग पेटला. उशिरा आलेल्यांना रघू, म्हणजे गाडीतल्या त्या बाईचा नवरा, सरळसरळ विकृत वाटत होता. पंधरा वर्षं राग जपून ठेवायचा आणि मग दरोडेखोर हर्मनसोबत त्याची बायको कांचन, तिलाही मारायचं? तिचा त्या दरोड्याशी काय संबंध? वेळेवर आलेले चिडून म्हणत होते, “तुम्ही सुरुवात पाहिली नाहीत म्हणून बोलताय!” खरं तर त्याची बायको आणि मुलगा गेले हे उशिरा आलेल्यांनाही कळलं होतं. फक्त दिसलं नव्हतं. एवढ्याशा फरकाने वर्गाचे दोन तट पडले होते.

तेवढ्यात त्या उशिरा आलेल्यांतल्याच एकीने कथेची झेरॉक्स वर धरली. “मॅडम, मग इथे कुठे आहे सुरुवात?”

मी गप्प झाले. पोच्या कथेचा निवेदक माँट्रेसर म्हणतो, फॉर्च्युनाटोचे हजार अपराध सोसले, पण त्याने अपमान केला तेव्हा मात्र सूड घ्यायचं ठरवलं. कोणता अपमान? शेवटपर्यंत सांगत नाही. दारूच्या लालचीने तळघरात गेलेला, विदूषकी टोपी घातलेला तो माणूस आपल्यासमोर भिंतीत चिणला जातो आणि त्याचा गुन्हा आपल्याला ठाऊकच नसतो. इतकी वर्षं मी या कथेतला उपरोध शिकवत आले. फॉर्च्युनाटो म्हणजे भाग्यवान, टोपीला घुंगरं, वगैरे. पोने सुरुवातच कापून टाकली आहे, हे मात्र मी एकदाही म्हटलं नव्हतं.

तिचं अजून संपलं नव्हतं. “सूड कोण घेतंय हे समोरच्याला कळलं पाहिजे, ही माँट्रेसरचीच अट ना? पण का घेतोय, हे तो फॉर्च्युनाटोला कुठे सांगतो? शेवटी हाक मारतो तर आतून नुसती घुंगरं वाजतात.”

मग कोणाला तरी सिनेमातला दुसरा दरोडेखोर, लायक, आठवला. मरणाच्या दारात उभा असलेला लायक रघूने केलेले खून स्वतःच्या अंगावर घेतो. ज्याच्यावर सूड उगवायचा त्याचेच उपकार डोक्यावर! माँट्रेसरला निदान पन्नास वर्षांनी बढाई मारता येते. रघूकडे तेवढंही उरत नाही. यावर पुढचा अर्धा तास नुसती हमरीतुमरी झाली. मी फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही.

तास सुटल्यावर मी उशिरा आलेल्यांना थांबवलं. म्हटलं, पहिली दहा मिनिटं आता दाखवते. लॅपटॉपभोवती घोळका जमला.

ती मुलगी मात्र दप्तर उचलून दाराकडे निघाली होती. “मला नका दाखवू, मॅडम. आधी कथेवरचं टिपण लिहून होऊ दे.”